मागची सीट

डोंगरातल्या तळ्याभोवती फिरायला बस होती, घोडागाडी होती, होडीही होती. तरी पर्यटक जीव टाकायचे ते सायकलवाल्याच्या जोडसायकलीवर. हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे. मागच्याने नुसते पाय मारायचे.

रोज संध्याकाळी सायकलवाला सगळ्या सीटा खाली घ्यायचा, नट आवळायचा आणि पाना खिशात टाकायचा. सकाळी मात्र जोडसायकलीची मागची सीट वर आलेली असायची. रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त.

"अहो, पोरासारखी वाढतेय की ही," बायको म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच! आटे गेले असतील."

"आटे गेले तर सीट खाली जाईल ना?"

त्याने नट आणखी घट्ट आवळला.

आज ती सीट थेट त्याच्या कमरेला लागली. पाना लावला तर नट जागचा हलेना. तेवढ्यात एक पर्यटक धापा टाकत आला.

"बस चुकली हो! एकटाच आहे, पण हीच द्या."

बायकोने डोळ्यांनीच नको म्हटलं. सायकलवाल्याने तरी दिली. "पुढे बसा हं," एवढंच बजावलं.

दुपारी उतारावर घंटी वाजली, तशी दोघंही दुकानाबाहेर आली. जोडसायकल झोकात वळण घेत खाली येत होती. पर्यटक मागच्या सीटवर होता, हात मांडीवर ठेवून. पुढची सीट रिकामी होती.

दुकानासमोर ब्रेकची मूठ हळूच आवळली गेली. सायकल थांबली. पर्यटक मान वाकडी करून त्या रिकाम्या सीटच्या बाजूने त्यांच्याकडे बघत होता. समोर कुणा वाढलेल्या पोराची रुंद पाठ आड येत असावी, तसा.