तिसरी ट्यूब

भालचंद्र स्टुलावरून उतरले आणि त्यांनी बटण दाबलं. फिश टँकवरची नवी गुलाबी ट्यूब दोनदा लुकलुकून पेटली.

"छे, फिक्कटच," ते म्हणाले. "दुकानात कसे लालबुंद होते हेच मासे. पुन्हा भलतीच ट्यूब गळ्यात मारली त्या दुकानदारानं."

महिन्याभरातली ही तिसरी. फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये टँक आल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. आणि रंगावरून भालचंद्रांशी वाद घालायची कुणाची छाती? कापडाच्या कारखान्यात रंगाची शेड नमुन्याशी ताडून पास करणारा माणूस. त्यांनी मान हलवल्याशिवाय एक्स्पोर्टचा एक तागा गेटबाहेर पडत नसे. ट्यूबखाली एक दिसणारं कापड उन्हात दुसरंच दिसतं, हे त्यांनी घरात सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. तेव्हा दोष असला तर उजेडाचा.

"बाबा, आता तर पाणीपण लाल दिसतंय यार," त्यांची मुलगी वैभवी म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

त्यांची बायको हेमलता टँकपाशी आली. तिनं जाळीनं एक मासा पकडला, पाणी भरलेल्या पांढऱ्या भांड्यात सोडला आणि भांडं बाल्कनीत उन्हात नेऊन ठेवलं.

"इथं बघा. खरा रंग उन्हातच कळतो म्हणता ना?"

भालचंद्र वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"विटकरी," ते म्हणाले.

"लालभडक आहे हो." हे सांगताना तिला रडू येत होतं, पण तिनं सांगितलं.

 मग त्यांनी खिशातून कापडाचे दोन तुकडे काढले. कागदावर चिकटवलेला तुकडा परदेशी गिऱ्हाइकाचा नमुना होता. सुटा होता तो त्यांनी कालच पास केलेल्या मालाचा. ट्रक संध्याकाळी सुटणार होता.

"हे दोन सारखेच आहेत ना गं?"

हेमलतानं वैभवीकडे पाहिलं. वैभवीनं मान खाली घातली.

"नाहीत," हेमलता म्हणाली. "नमुना डाळिंबी आहे. दुसरा चॉकलेटी मारतोय."

ते आत गेले. मॅनेजरच्या घरी फोन लावून त्यांनी ट्रक थांबवायला सांगितलं. शेड चुकली, म्हणाले. डोळ्यांवर मिळालेली नोकरी डोळ्यांपायीच जाणार, हे बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात येत होतं. 

मॅनेजर माणूस भला. "आपसे गलती? हो ही नहीं सकता," तो म्हणाला. "लैब की ट्यूब पुरानी हो गई होगी. लाइट का फर्क लिखवा देता हूँ, बात खत्म."

भालचंद्रांनी बाल्कनीकडे पाहिलं. माशाला ऊन लागू नये म्हणून हेमलता भांड्यावर पदर धरून बसली होती.

"नहीं साहब," ते म्हणाले. "लाइट ठीक थी."