ओळखीचं विष

"मधमाशीच चावली ना नक्की?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

शेवंता खाटेवर उठून बसली. तिचा चेहरा अजून सुजलेला होता. लग्न होऊन आल्यापासून ती मधाच्या पेट्या सांभाळत होती. माशी चावली की नखानं काटा काढून टाकायचा आणि पुढच्या पेटीकडं वळायचं, एवढंच तिला ठाऊक. आज मात्र एकाच डंखानं तिचा श्वास कोंडला. नवऱ्यानं, धर्मूनं, तिला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं होतं.

"ही माशीच दुसरी असंल. आमच्या माश्या असं करत न्हाईत."

"माशी तीच, विषही तेच. पण इतके डंख झेलता झेलता तुमच्या शरीरानं त्या विषाला शत्रू ठरवलंय. पुढचा डंख जिवावर बेतेल. आता पेट्यांजवळ जायचं नाही."

"म्हंजे माझ्याच अंगानं दगा दिला?"



पुढच्या आठवड्यात धर्मूनं भीतभीत पहिली पेटी उघडली. शेवंता लांब अंगणातून त्याला सांगत होती, "हळू. झाकण आपटू नका, बिथरतील."

तेवढ्यात एक माशी तिच्या मनगटावर येऊन बसली आणि निवांत चालू लागली. शेवंताच्या अंगावर काटा आला. दुसरा हात आपसूक उठला आणि जोरात मनगटावर आदळला.

आजवर तिनं एकही माशी मारली नव्हती.

"काय झालं? चावली का?" धर्मू ओरडला.

"न्हाई," ती खाली बसत म्हणाली. "तिनं काय केलं न्हाई. मीच मारली."