मोहक कणाचं सुतक

पिपरीतल्या दुपारच्या सामसुमीत लाटणं खट्कन आपटलं. "कांता, पापडाचं पीठ वाळून राह्यलं!" मनकर्णाबाईंनी सुनेला हाक मारली.

कांताचा डोळा सूक्ष्मदर्शकातून निघेना. परदेशातल्या मोठ्या यंत्रात कण एकमेकांवर आदळले, त्यांच्या खुणा काचांवर उमटल्या. त्यांत 'मोहक' नावाचे कण किती, ते मोजून काचा उद्याच नागपूरच्या प्रयोगशाळेला परत द्यायच्या होत्या, आणि निम्म्या अजून बाकी होत्या.

"आत्याबाई, एक सापडला! जन्मला अन् पापणी लवायच्या आत मेला बिचारा."

"अगं माय! त्याच्यासाठी रडाले इथं कोनी हाय का?"

"कोन असनार? परदेशातला तो."

"मंग आपनच पाळू त्याचं सुतक. सुतकात पापड नाई लाटत." सासूबाईंनी पीठ उचलून शेजारच्या लीलाबाईकडे धाडलं. "तू बस त्याच्यापाशी."

कांतानं तोंडाला पदर लावला आणि घाईघाईनं दुसरी काच घेतली.



चार वर्षांची छबू हळूच मांडीशी आली. "आई, आजी म्हनते आपल्या घरी कोनी मेलं. मंग तू काऊन हासून राह्यली?"