गुलाबी कस्टर्ड

संपामुळे त्या हिवाळ्यात कोळशाची खाण बंद होती आणि बाबा घरी. शाळेत फुकट मिळायचं, तेवढंच आम्हा भावंडांचं पोटभर जेवण. शेवटी चॉकलेट केकवर गरम गुलाबी कस्टर्ड. माझा मोठा भाऊ क्रेग नाक मुरडून आपली वाटी माझ्याकडे सरकवायचा. "घे गं, मला नाही आवडत हा गुलाबी चिखल." चाळीस वर्षांनी, तीन पातेली करपवल्यावर, आज कस्टर्डला तीच चव आली. तेवढ्यात क्रेग आला. "तुझ्यासाठी बिस्किटं काढते," म्हणत मी वळले, तोवर त्याने माझी वाटी ओढून घेतली. डोळे मिटून, बोटाने कडा पुसत ती संपवली. "तुला तर आवडायचं नाही ना रे?" त्याचे कान लाल झाले. पातेल्यात उरलेलं सगळं वाटीत ओतून मी ती त्याच्याकडे सरकवली. "घे रे, मला नाही आवडत हा गुलाबी चिखल."