कॅमेऱ्यात दिसलेली वीणा

परमेश्वरने मंडपाच्या पहिल्या खांबावर कॅमेरा रोखला, तशा चुलवणापाशी बसलेल्या नर्मदाबाई ओरडल्या, "इंजिनेर, आमच्या आमटीकडं बी बघ की रं. उकळली का न्हाई ते सांग."

"उकळी दिसंल मावशी, मीठ दिसायचं न्हाई."

बायका हसल्या. परमेश्वर कारखान्यांच्या मोटारी तपासायचं काम करी. गेल्या साली सप्ताहात वायरीच्या जोडावर ठिणगी पडून कनात जळाली होती, म्हणून सप्ताहाचे प्रमुख दिनकरराव यांनी त्याला सोनपेठहून बोलावलं होतं.

पडद्यावर वायर निळी दिसत होती. मधला एक जोड मात्र पिवळाधमक.

"ह्यो जोड ढिला हाय. आतून तापायलाय," परमेश्वर म्हणाला. "ह्यो कॅमेरा उजेड बघत न्हाई, ऊब बघतो."

"मग माणसाच्या मनातलं बी दिसत असंल?" दिनकररावांनी विचारलं.

"न्हाई. कपाळ तापलंय एवढं दिसतं. कशानं तापलं ते तुमी विचारायचं."

मेन स्विच मंडपाच्या मागे, देवळाच्या भिंतीला होता. दोघे तिकडे गेले. पौषातली सकाळ होती. पारायणाला बसलेली मंडळी नाष्ट्याला उठली होती आणि मंडपात एकटे भुजंगबाबा गळ्यात वीणा अडकवून उभे होते. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते. ती जमिनीला टेकली की सप्ताह खंडला. ज्याच्या हातून टेकली त्याला पुन्हा वीणा नाही. बाबा एकतीस वर्षं वीणेचा पहारा करत होते. घरात म्हातारी गेली तेव्हाही त्यांनी पाळी चुकवली नव्हती. त्यांना वीणेशिवाय दुसरं काही उरलंही नव्हतं.

पहाऱ्याच्या यादीत नाव नसलेल्यानं वीणेला शिवायचं नाही, हाही नियम होता. गेल्या साली ऊसतोडीच्या टोळीतल्या एकानं नमस्कार करायला हात लावला, तर लोक त्याच्या पाचटाच्या कोपीपर्यंत भांडायला गेले होते.

स्विच तपासून होतो न होतो तोच बजरंग धावत आला. बाबांच्या नंतरची पाळी त्याची.

"दिनकरराव, घात झाला! मी कनातीच्या बोटभर फटीतून बघितलं. बाबा जाजमावर बसलेले, आन् वीणा गळ्यात न्हाई!"

"कुटं व्हती मग?"

"बाबांच्या पाठीआड काय दिसतंय? पर गळ्यात नव्हती, माऊलीची आन!"

तिघे मंडपात शिरले. भुजंगबाबा खांबापाशी उभे होते. वीणा गळ्यात होती आणि ओठांवर नाम चालू होतं. उपरणं तेवढं ओलं दिसत होतं.

"बाबा, बजरंग काय म्हनायलाय?"

बाबा नाम घेत राहिले.

"ह्या मशीनला ईचारा की," बजरंग म्हणाला. "ऊब दिसती म्हनं."

परमेश्वरला ते नको होतं. पण दिनकररावांनी मान हलवली, तसा त्यानं कॅमेरा जाजमावर धरला. थंड जाजम पडद्यावर गडद निळं दिसलं. त्यात बाबांच्या पायांपाशी दोन पिवळे डाग होते. एक माणूस बसल्याचा. दुसरा लांबट, एका टोकाला वाटोळा.

"ह्यो बघा भोपळा," बजरंग ओरडला, "आन् ही दांडी."

दिनकररावांनी वाकून पडद्यात पाहिलं. डाग हळूहळू विझत गेला.

"बाबा, तुमच्याच हातनं मी वीणा धरायला शिकलो," ते म्हणाले. "एकदा म्हना, न्हाई टेकली. मी ह्या मशीनला खोटं ठरवतो."

बाबांनी मंडपाच्या दाराकडे पाहिलं. मग वीणा गळ्यातून काढून बजरंगच्या गळ्यात घातली.

"चूक माझ्याकडनंच झाली," ते म्हणाले. "यादीतनं नाव काढा."

आणि अनवाणीच घराकडे चालू लागले. दिनकररावांनी डोळे पुसले आणि प्रायश्चित्ताचं विचारायला गुरुजींना फोन लावला.

परमेश्वरनं जोड घट्ट केला, चहा नको म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

फाट्यावर एका बाईनं हात केला. खांद्यावर दीड वर्षाचं लेकरू, हातांना ऊसतोडीच्या कोयत्याचे घट्टे. "दादा, एसटी गेली. दवाखान्यात सोडता का? लेकरू लय तापलंय."

त्यानं तिला सोनपेठच्या दवाखान्यात नेलं. तिचं नाव मनकर्णा. डॉक्टरांनी औषध दिलं. तासाभरात लेकराचा ताप उतरला आणि ते पाणी मागू लागलं.

परमेश्वर निघाला, तशी मनकर्णा उठून उभी राहिली. "दादा, तुमी सप्त्याकडनंच आलात न्हवं? मग तितल्या वीणेवाल्या बाबांना एक निरोप द्या. सकाळी लेकराला आकडी आली, मी रडत मंडपात शिरले. त्यांनी लेकरू जाजमावर निजवलं, ओल्या उपरण्यानं पुसत बसले. तवर वीणा माझ्या गळ्यात घातली. म्हनले, पोरी, काई झालं तरी खाली टेकू देऊ नको. त्यांना सांगा, लेकरू वाचलं. ते डोळ्यापुढं तडफडत व्हतं, पर म्या वीणा टेकू दिली न्हाई."