आज वार कोणता?

उदयसिंह बारा वर्षं इंग्लंडातल्या एका क्लबकडून रग्बी लीग खेळला, मग आष्ट्याला परतून मुलींना तोच खेळ शिकवू लागला. अलीकडे त्याला ओळखीची नावंही आठवेनात. डोक्याला बसलेल्या जुन्या माराचा हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. विश्रामबागच्या सामन्यात त्याची लेक संयोगिता एका मुलीला अडवताना डोक्यावर आपटली. तो धावत आत शिरला. डोक्याला मार बसल्यावर खेळाडू भानावर आहे का हे पाहायला विचारतात तसं त्यानं विचारलं, “बाळा, आज वार कोणता?” “बुधवार,” ती उठून बसली. “आबा, कायबी झालं न्हाई मला. खेळू द्या.” पंचांनी त्याच्याकडं पाहिलं. बुधवारच होता का? त्याला काहीच आठवेना. “बाहेर चल.” “आवं, बरोबर सांगितलं की मी!” त्यानं तिचा हात घट्ट धरला. “असंल, पोरी. मलाच ठावं न्हाई.”