त्रेलची काडी

घरात मूल जन्मलं की सफरचंदाच्या थोरल्या झाडावर त्याच्या नावाने एका जुन्या जातीची फांदी कलम करायची. माणूस गेला की फांदीही वाळायची. उद्या ते झाड तोडून वसंतात विलायती रोपं लावायची होती, म्हणून घरातली आई, जूनी, बर्फात उभी राहून कलमासाठी काड्या निवडत होती. साल नखाने खरवडली की जिवंत काडी आतून हिरवी दिसते. लेकीची अंबरी जातीची फांदी हिरवीगार. नवऱ्याची महाराजी तीन वर्षांपूर्वी त्याच्यासोबतच वाळलेली. लेकाची, शाबानची त्रेल खरवडली, तर तीही तपकिरी. “मोजी, माझी काडी घेत नाहीस होय? तुझी लाडकी ताईच!” मागून शाबान आईला चिडवत हसला. काल हिमवादळात खिंड ओलांडून लेक एकटाच चालत घरी पोचला होता. “गप रे मेल्या!” ती सवयीने म्हणाली आणि थबकली. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघाली होती. त्याच्या निघाली नव्हती.